गेरू

ऐरोली, सेक्टर आठ. सोसायटीच्या ऑफिसात
महिन्याचा तिसरा शनिवार आणि नऊ खुर्च्या,
त्यातली एक लंगडी, ती मी घेतो.
हजेरीचं रजिस्टरही माझ्याकडेच, अक्षर बरं आहे म्हणून.

आजचं पुस्तक आपल्यातलंच.
सुगंधा मढवी, निवृत्त शिक्षिका,
दर वेळी सगळ्यांच्या नंतर बोलणाऱ्या.
एकशे बेचाळीस पानं, सगळी कवितेत, तरी कादंबरी.
नाव 'उघाडी'.

ऋजुताला वाटलं होतं, पाऊस थांबतो ती.
"नाही गं, खाजणाच्या बांधाला असते.
लाकडाची. भरतीला मिटते,
ओहोटीला आपली आपण उघडते."
थोडा वेळ कुणी बोललं नाही.
एसीचं पाणी बादलीत पडत राहिलं.

अंतरकरांचा मुद्दा नेहमीचा:
ओळी तोडल्या की कविता होते का?
सलग छापलं असतं तर कागद तरी वाचला असता.
कुलथेबाई तापल्या. बारा वर्षांची पोर
सलग कुठे विचार करते? मी तरी नव्हते करत.
आणि चष्मा वर सरकवून वाचलंच त्यांनी:

        बाबा बोलला, मोजू दे त्यांना,
        मोजून काय जमीन झिजते?

पान त्रेपन्न, शाळेतलं, बाकावरच्या डागाचं,
आम्ही पुरुषांनी जरा घाईनंच उलटलं.

मग पान एक्क्याण्णव.
तपकिरी बुशशर्टातला माणूस चौकटीवर
लाल तेलरंगानं घराचा नंबर घालतो,
पोरीच्या हातावर एक पेपरमिंट ठेवतो, जातो.
रात्री ती ओल्या हातानं नंबर घासते.
जात नाही.
डोंगरदिवे म्हणाला, प्रतीक जबरदस्त आहे.

मी चष्मा पुसत होतो. तोंडातून निघून गेलं:
"तेलरंग नव्हता. गेरू होता, पाण्यात कालवलेला.
तेलाचा आम्हाला मिळत नसे."

आम्हाला.

चिवड्याच्या बशीशेजारी पडला तो शब्द,
कुणी उचलला नाही.
अंतरकर म्हणाले, बघा, तपशील तपासायला हवे होते.

तेवीस वर्षांचा होतो मी, जळगावकडून आलेला,
खाडी म्हणजे काय ते न पाहिलेला.
मोजणीवर रोजंदारी.
साखळीचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं कुठवर जाणार हे विचारायची पद्धत नव्हती.
दुसऱ्या सकाळी एकशे सतराच्या चौकटीवर नंबर नाही.
शेळीनं चाटला असेल, म्हणालो,
आणि परत घातला. जरा दाट.

बाई पाणी प्यायल्या. ग्लास खाली ठेवला.
"गेरूच होता. मी पुसला, सकाळी परत आला.
पुन्हा पुसला, पुन्हा आला.
म्हणून पुस्तकात तेलाचा केला."

चहा आला तेव्हा सगळे उठले,
आणि त्या माझ्या बाजूला वळून, कपाशी बोलावं तसं,
"हात दोन दिवस लाल होते माझे.
त्यातच पहिली पाळी आली. शाळेत नाही, घरीच.
आयला वाटलं, परकराला गेरू लागलाय.
घासत बसली बिचारी. मी सांगितलं नाही.
ते पान अजून लिहिलेलं नाही."

जाताना सहीसाठी रजिस्टर ओढलं त्यांनी.
वर आजची तारीख, माझ्या हातची, सतरा.
सही करून पेनाचं टोपण लावलं.
"वाघुळदे, सातची आकडी
अजून तशीच काढता तुम्ही."

अजून.
दोन वर्षं त्या माझ्या तारखांखाली सही करताहेत.

किल्ली माझ्याकडे असते.
आठ खुर्च्या एकात एक बसतात,
लंगडी बसत नाही, ती भिंतीला टेकवली.
बादली रिकामी केली. दिवा घालवला.

पेपरमिंट मी दिलं नव्हतं.
तेवढं मी दुरुस्त केलं नाही.